मंदा, तुझी विहीर आणि माझी डाळ

मंदे,

तुझ्या शोकसभेत मला हसू आलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

अमरावतीला तुझ्या कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलावर तुझा फोटो ठेवला होता. तोच, ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला, ज्यात तू आता कोणावर तरी खेकसणार असं वाटतं. प्राचार्य उठले आणि म्हणाले, "मॅडमचं मन समुद्रासारखं विशाल होतं." मी पहिल्या रांगेत तुझ्या भावाशेजारी बसले होते. मला आठवली ती अकोल्याहून सुटलेली गाडी. तू मला समुद्र दाखवायला घेऊन चालली होतीस आणि खिडकीची जागा शेवटच्या स्टेशनापर्यंत सोडली नव्हतीस. "तुले काई होत नाई वयनी, मले मळमळते," म्हणे. जिनं उमेदीची सगळी वर्षं जहाजांवर काढली तिला आगगाडी लागते! मी पदर तोंडाशी धरला. मागच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हातानं मला खरंच रडू फुटलं.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले होते. मी उठले नाही. तिथं सगळे तुझ्या संशोधनावर बोलत होते. समुद्रातले सूक्ष्म जीव, पाण्याचं रसायन, कुठकुठल्या मोहिमा. आपलं नणंद-भावजयीचं भांडण होतं एका खाऱ्या विहिरीवरून आणि ते अजून मिटलेलं नव्हतं. अर्धवट भांडण घेऊन माईकपुढे काय उभं राहायचं? म्हणून आता लिहिते आहे, गावी, आपल्या ओसरीत बसून. तुझ्या विद्यार्थिनी हे छापणार म्हणतात. तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही पुन्हा सांगाव्या लागतील. मधेमधे बोलू नकोस.

मी अमरावतीची, नळाच्या गोड पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आले ते बाळापूरकडच्या या गावात, खारपाणपट्ट्यात. खारपाणपट्टा म्हणजे काय, हे मला माहेरी कोणी नीट सांगितलं नव्हतं. जमीन काळीभोर, बघत राहावी अशी, आणि तिच्या पोटातलं पाणी खारट. पिण्याचं पाणी लांबून आणायचं, बाकी सगळं रस्त्याकडच्या त्या विहिरीवर. त्या पाण्यानं माझे केस आठ दिवसांत केरसुणीसारखे झाले. पण त्याआधी झाली ती डाळ. सासरी पहिल्यांदा वरण करायला बसले. कोणी सांगितलं नाही म्हणून विहिरीचंच पाणी घातलं. डाळ उकळते आहे, उकळते आहे, आणि दाणा न् दाणा वेगळा. पुरुषमंडळींची पानं घेतलेली. मला घाम फुटला.

तू तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतीस. दाराच्या चौकटीला टेकून सगळं पाहत होतीस.

"वयनी, त्या पान्यात नाई शिजत डाळ. कॅल्शियम आहे त्याच्यात."

सासरी पाय ठेवल्यावर मला कॅल्शियम समजावून सांगणारी तू एकटीच. मग फडताळातून सोड्याचा डबा काढलास, चिमूट सोडलीस आणि जशी आलीस तशी निघून गेलीस. डाळ शिजली. माय, म्हणजे तुझी आई, जेवताना म्हणाली, "वरन चांगलं झालं सूनबाईचं." तू खाली मान घालून भुरके मारत होतीस. तेव्हाच माझं ठरलं, की ही पोरगी आपली आणि ही विहीर आपली नाही. पुढे सगळा वाद तिथूनच सुरू झाला.

तू जंतूंचं शिक्षण घेतलंस तेव्हा बाबांना वाटलं पोरगी कृषी विद्यापीठात लागेल, अकोल्याला, घराजवळ. तर बाई निघाली समुद्रावर. बाबा महिनाभर सगळ्यांना सांगत होते, "आपल्या घरात कोनी नाल्यात पोहलं नाई अन् हे समुद्रात जाऊन राह्यली." रागानं सांगत होते की कौतुकानं, ते त्यांनाही नक्की ठाऊक नसावं.

आणि मग ती कॅन. तुझ्या पहिल्या मोहिमेनंतर तू दिवाळीला आलीस ती पाच लिटरची पांढरी कॅन घेऊन. मायनं समुद्र पाहिला नव्हता, ती कुठे जाण्यातलीही नव्हती. म्हणून तू समुद्रच घरी आणलास. मायनं त्यात बोटं बुडवली, डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "निळं नाई हे." तू तिला समजावत बसलीस निळं का नाही ते. कॅन राहिली माठाशेजारी. दुपारी बाबा वावरातून आले, उन्हानं लाल झालेले. समोर दिसलं ते पाणी फुलपात्रात ओतलं आणि घटाघटा दोन घोट घेतले. तिसऱ्याला थांबले. तोंड वाकडं केलं, फुलपात्राकडे पाहिलं आणि मायला म्हणाले, "यंदा विहिरीचं पानी लैच खारावलं वो. पाऊस कमी झाला वाट्टे."

दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसानं ते पाणी थुंकून घर डोक्यावर घेतलं असतं. आपल्या बाबांनी दोन घोट गिळून पावसाचा हिशोब मांडला. तू जमिनीवर बसून हसत होतीस, पोट धरून. तुझ्या भावानं खरं काय ते सांगितल्यावर बाबांनी उरलेलं पाणी मात्र मानानं तुळशीपासून लांब नेऊन टाकलं आणि संध्याकाळी पारावर जाऊन जाहीर केलं, "अगस्तीनंतर म्याच. समुद्र पेलो आज." शेवटच्या दुखण्यात औषध घ्यायला कुरकुर करायचे तेव्हा मी म्हणायची, समुद्र प्यायलात, मग हे चमचाभर काय. लगेच तोंड उघडायचे.

जहाजाच्या गोष्टी तू सांगायचीस त्या माझ्या स्वयंपाकघरात, ओट्यावर चढून बसून. पहिले चार दिवस तू नुसती ओकत होतीस. मी बांधून दिलेले धपाटे आणि ठेचा खलाशांनी संपवला आणि वर तुला विचारलं, आणखी आहे का. दोराला बाटल्या लावून खोल सोडायच्या, ठरलेल्या खोलीवर त्यांची झाकणं आपोआप मिटायची, आणि वर येताना प्रत्येक बाटलीत वेगळ्या मजल्यावरचं पाणी. "वयनी, चमचाभर पान्यात लाखो जीव असतात. आपन श्वास घेतो ना, त्यातला जवळजवळ निम्मा प्राणवायू समुद्रातले जीव बनवतात." मी म्हटलं, मग अकोल्यात मे महिन्यात काय होतं? तेव्हा कुठे सुट्टीवर जातात? तू गंभीरपणे उत्तर द्यायला लागलीस, वारा, अंतर, हवा कशी मिसळते. मला थट्टा करायची असायची आणि तुला शिकवायचं असायचं. आपलं अर्धं आयुष्य त्यातच गेलं, आणि मजेत गेलं.

इतकी वर्षं किनाऱ्यावर राहूनही तुझी बोली सुटली नाही. फोनवर "मी येतो, मी जातो, मी सांगतो." तिथले लोक म्हणे आधी दचकायचे, हे बाईमाणूस असं काय बोलतं म्हणून. तू त्यांना कधीच समजावलं नाहीस. जगभरच्या जंतूंचा खुलासा करणारी तू, एवढ्या एका गोष्टीचा खुलासा करायची नाहीस, हे मला फार आवडायचं.

समुद्र दाखवायला नेलंस तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. वाळूत उतरलो. तू माझ्याकडे पाहत होतीस, समुद्राकडे नाही. मी काय बोलते ते ऐकायचं होतं तुला. पाणी पायाशी आलं, साडी भिजली, मी तिथंच उभी. बऱ्याच वेळानं तूच म्हणालीस, "कसा आहे?"

मी म्हटलं, "हे सारं खारं?"

"सारं."

"मंग इथं कोनाचीच डाळ शिजत नसन."

तू तिथं वाळूत फतकल मारून बसलीस. हसता हसता डोळ्यांतून पाणी. आजूबाजूचे लोक बघायला लागले. तुला आता सांगते, मी ते मुद्दाम म्हटलं. तसं नसतं म्हटलं तर मी रडले असते, इतका तो मोठा होता आणि इतकी वर्षं तू तिथं एकटी होतीस. तुझं तिथं कोण होतं, कोणाशी बोलायचीस, ताप आला तर पेज कोण करायचं, हे मी त्या दिवशी विचारणार होते. पण तू इतकी खूश होतीस की राहून गेलं.

एकदाच तू माझ्या थट्टेवर हसली नाहीस. शिंपला आणला होतास एक, पातळसा. माझ्या स्टीलच्या वाटीत ठेवून वरून लिंबू पिळलंस. शिंपल्यावर बारीक बुडबुडे यायला लागले. "चुनाच हाय ना तो," तू म्हणालीस, "आंबटात विरघळते." मग सांगितलंस की हवेतला धूर समुद्र पोटात घेतो आहे आणि त्यानं त्याचं पाणी हळूहळू आंबटाकडे झुकतं आहे, आणि ज्यांची घरं चुन्याची आहेत त्यांना ती बांधणं जड जातं आहे. मी म्हटलं, "कढी करता येईन मंग." तू वाटीकडे बघत राहिलीस. नंतर म्हणालीस, "माह्या डोळ्यासमोर होऊन राह्यलं वयनी. अन् मी नुसतं मोजून राह्यली." मी तुला गरम भाकर वाढली, वर तेलाची धार. तू खाल्लीस. त्या रात्रीपुरतं एवढंच जमलं मला.

मग एक दिवस तू परत आलीस, कायमची. अमरावतीला कॉलेजात शिकवायला लागलीस. का आलीस, असं मी निदान दहा वेळा विचारलं आणि दहा उत्तरं मिळाली. मायची तब्येत. जहाजावर आता तरुण पोरं पाहिजेत. माशांचा कंटाळा. एकदा म्हणालीस, ठेचा. खरं उत्तर कोणतं ते मला कळलं नाही, पण दर महिन्याला तू अमरावतीहून निघून अकोल्याला उतरायचीस, तिथून मिळेल ती बस आणि ऑटो करून गावी यायचीस आणि घरात शिरायच्या आधी विहिरीवर जायचीस. त्यावरून मी माझं उत्तर धरून चालले.

तुझी रीत मला पाठ झाली होती. बाटलीवर आधी नाव लिहायचं, ओल्या बाटलीवर लिहिता येत नाही. त्याच पाण्यानं ती खळखळून धुवायची, मग भरायची. झाकण उघडं असताना कोणी बोलायचं नाही. मी मुद्दाम बोलायची. आणि वेळ दुपारचीच, ऊन सरळ विहिरीत उतरून पाण्यावर पडतं तेव्हाची. त्या उन्हावर जगणारे जीव वर येतात म्हणायचीस. विहिरीच्या कडेला जी हिरवट-तांबूस साय दिसते ती तेच.

मला ती घाण वाटायची. तुला वाटायचं घबाड.

"समुद्रातले जीव लाडावलेले असतात वयनी. तिथं मीठ बाराई महिने सारखं. आपल्या विहिरीत पाहा, पाऊस पडला का पानी फिकं, उन्हाळ्यात नुसतं मिठागर. तरी मरत नाई. हे वऱ्हाडी जंतू आहेत."

इथं कधीकाळी समुद्र होता का, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, काही म्हणतात होता, काही म्हणतात नाही, मला माहीत नाही. तुझ्या तोंडून "मला माहीत नाही" इतक्या सहज निघायचं की माझ्यासारखीला रागच यायचा. आम्ही बायका भाजीत मीठ किती हेसुद्धा माहीत नाही असं कधी म्हणत नाही.

मी विहिरीला मेलेली म्हणायची. पाणी पिता येत नाही, पिकाला देता येत नाही, डाळ शिजत नाही, मग जिवंत कशानं? शेवटी तू मला अमरावतीला प्रयोगशाळेत ओढून नेलंस. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलास. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग तू चाक फिरवलंस आणि दिसले. हिरवे, लांबुळके, काही तर चक्क धावत होते, घाईघाईनं, बाजाराला उशीर झाल्यासारखे.

"दिसले?"

"दिसले ना."

"मंग आता?"

"मंग काय आता? याईच्यानं डाळ शिजते काय?"

तुझ्या विद्यार्थिनी तोंड दाबून हसत होत्या. तू कपाळावर हात मारून घेतलास आणि आम्हा सगळ्यांना खाली टपरीवर चहा पाजलास. चहा पिताना एका पोरीला म्हणालीस, "पाह्य, प्रश्न असा विचारा लागते. उत्तर नाई आपल्यापाशी." मला आत कुठेतरी बरं वाटलं, पण मी वाद सोडला नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या भावानं आणि मी मिळून शेततळं केलं, पावसाचं गोड पाणी साठवलं, आणि या खारट गावात झेंडू आणि भाजीपाला उभा केला. माल अकोल्याला जायचा तर तो रस्त्याकडेला निवडून, जुड्या बांधून भरावा लागतो. बायका उन्हात बसतात. गेल्या उन्हाळ्यात आपली पारबता झेंडूच्या ढिगावरच कोसळली. तोंडावर पाणी मारलं, शुद्धीवर आली आणि पहिलं काय म्हणाली, तर "फुलं तं नाई दाबल्या गेले?" त्याच दिवशी मी ठरवलं, शेड पाहिजे. रस्त्याला लागून आपली जागा तेवढीच, आणि तिच्या मधोमध तुझी विहीर. बुजवायची, वर पत्रे टाकायचे, मोकळं व्हायचं. जेसीबीवाल्याशी बोलणंही झालं.

तुला सांगितलं तेव्हा तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर सोपं गेलं असतं. म्हणालीस, "पारबताले सावली पायजे, हे खरं. पन वयनी, इतक्या वर्षांचं पानी आहे माह्यापाशी त्या विहिरीचं. दर महिन्याचं. एकदा बुजली का संपलं." मी म्हटलं, माणसं मोठी की जंतू? तू म्हणालीस, "हा प्रश्न मले विचारू नको, मी तुले नाराज करीन." मग आपण दोघींनी फोनवर भांडून घेतलं, दर दोन दिवसांनी, चांगलं कडकडून. तुझा भाऊ फोन वाजला की उठून अंगणात जायचा.

शेवटचा फोन रविवारचा. मी वांगी चिरत होते. तू एकदम आनंदात. "वयनी, सुचलं मले! विहीर बी राह्यते अन् शेड बी होते. काई बुजवा लागत नाई."

"काय सुचलं?"

"आल्यावर सांगतो. तिथं उभं राहूनच सांगा लागते."

"सांग ना वो आताच."

"नाई. तुहं तोंड पाहाचं आहे मले."

त्याच आठवड्यात सकाळी कॉलेजला निघताना तू दारातच बसलीस, आणि मग काही उठली नाहीस. शेजारच्या बाई म्हणाल्या, चपला घालता घालता. मी तो विचार करत नाही. मी विचार करते तुला काय सुचलं होतं त्याचा. भाकरी थापताना करते, बसमध्ये करते. मंदे, आजवर तू मला पृथ्वीवरची प्रत्येक गोष्ट मी न विचारता सांगितलीस, आणि जी एक मला हवी होती ती तेवढी ठेवून गेलीस. इतका राग येतो मला तुझा.

तेरवीला तुझा भाऊ म्हणाला, स्वयंपाक चांगला झाला पाहिजे, मंदीला खायला आवडायचं. अमरावतीचा आचारी आणला, नावाजलेला. मी नातेवाइकांत अडकलेली. त्यानं टँकरचं पाणी भातात संपवलं आणि त्याच्या माणसानं जवळच दिसलेल्या विहिरीतून बादल्या ओढून वरणाचा भला मोठा पितळी गंज भरला. तासाभरानं आचारी घामेघूम होऊन माझ्यापाशी आला. "काकू, डाळच खराब दिली दुकानदारानं. काही केल्या शिजून नाई राह्यली."

मी गंजात डोकावले. दाणा न् दाणा वेगळा. आणि मंदे, मी हसले. मोठ्यानं, तेराव्या दिवशी, सगळ्या गावासमोर. मला पाहून पारबता हसली, मग तुझा भाऊ. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं तेही हसायला लागले. तुझ्या एका विद्यार्थिनीनं पाटावर बसलेल्या एका चुलत सासूला कॅल्शियम समजावून सांगितलं. मी सोड्याचा डबा आणला. वरण उशिरा वाढलं आणि लोकांनी मागून मागून खाल्लं. इतकी चांगली तेरवी या गावात झाली नाही, असं म्हणणारे अजून भेटतात.

सगळे गेल्यावर जेसीबीवाल्याचा फोन आला. "काकू, सोमवारी येऊ काय?" मी म्हटलं थांब, सांगते. आणि विहिरीवर जाऊन उभी राहिले. तिथं उभं राहूनच सांगावं लागतं म्हणाली होतीस, म्हणून. भर दुपार होती. ऊन सरळ आत उतरलेलं, पाणी चकाकत होतं, आणि ती साय. मी बराच वेळ पाहिलं. तुझ्यासारखं डोकं मला नाही. पण घर मी चालवते, आणि अडचणीची वस्तू मधोमध असली की तिच्याभोवती संसार कसा मांडायचा ते मला येतं. विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी टाकायची, पक्की, माणूस उभा राहील अशी. जाळीत बाटली जाईल एवढं झाकण. शेड भोवताली, चारी बाजूंनी. बायका जाळीच्या कडेनं बसून फुलं निवडतील. जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं.

हेच सुचलं होतं का तुला? कोणाला विचारू? इतकं सोपं होतं, आणि आपण दोघी किती भांडलो. भांडायला मजा येत होती, हेही खरंच आहे.

काल बाळापूरचा शेडवाला मापं घ्यायला आला. चार खांब इथं, दोन तिथं, पत्रे सलग. मी हो म्हणून घराकडे वळले आणि दहा पावलांवर थबकले. पत्रे सलग टाकले तर विहिरीवर सावली पडणार. कायमची. ऊन नाही, म्हणजे ती साय नाही, म्हणजे तुझं दर महिन्याचं पाणी घ्यायला तुझ्या पोरी येतील आणि बाटलीत भलतंच काही भरून नेतील. तू असतीस तर आकाशपाताळ एक केलं असतंस. मी परत फिरले.

"भाऊ, इथं वरती पत्रा टाकू नका. विहिरीवर. विहिरीएवढा चौकोन उघडा ठेवा."

"काकू, शेड कायले करून राह्यले मंग? ऊन येईन ना आत."

"येऊ द्या."

"पाऊस बी येईन."

"येऊ द्या. पाऊस बी लागते त्याईले."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आसपास कोणी नव्हतं. पारबता लांब झेंडू तोडत होती.

"कोनाले?"

"खाली वस्ती आहे," मी म्हटलं.

तो वाकून विहिरीत डोकावला, बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं, खिशातून टेप काढला आणि चौकोन मोजायला लागला.